आप्पांच्या सेटचा बारा पिनांचा प्लग

या सदरातले अनुभव मी नेमाने वाचते, पण खरं सांगायचं तर चुका काढायला वाचते. रिकाम्या घरात दिवे लागले... मी म्हणते, न्यूट्रल लूज असेल. पंखा आपोआप फिरला... वायरिंग बघा आधी. पॉलिटेक्निकच्या इलेक्ट्रिकल लॅबमध्ये असिस्टंट म्हणून जन्म काढला आहे, त्यामुळे भुताच्या आधी मला वायर दिसते. देवापुढे दिवा लावते, तोसुद्धा आई लावायची म्हणून. आमच्या स्टाफरूममध्ये कुणी अमावस्येच्या गोष्टी सुरू केल्या की मी चहा उचलून बाहेर जाते. तेव्हा आज मीच इथे लिहायला बसले आहे, याचं मला थोडं हसू येतंय आणि थोडी लाजही वाटतेय.

साल १९९८, दिवाळी नुकतीच झालेली. ठिकाण नाशिक, पंचवटीत हिरावाडीच्या बाजूला, पहिल्या मजल्यावरच्या आमच्या दोन खोल्या. घरात दोघंच — मी आणि माझे वडील, आप्पा. त्यांचं वय तेव्हा एकाहत्तर. आई जाऊन सहा वर्षं झाली होती.

आप्पा कारखान्यात फोरमन होते, पण जीव सगळा हॅम रेडिओत. लायसन काढायचं, गच्चीवर तार बांधायची आणि घरात बसून दूरच्या दुसऱ्या अशाच वेड्या माणसाशी बोलायचं, असा तो छंद. बाकीचे हॅम जपान-अमेरिका पकडायला धडपडतात. आप्पांचं गाडं आमच्याच जिल्ह्यातल्या नामपूरवर थांबलेलं. तिथे अण्णा नावाचे कांद्याचे एक अडते होते, त्यांच्याकडेही सेट. रोज दुपारी दोन वाजता दोघं बोलायचे. विषय काय, तर कांदा, गुडघे, हवा आणि व्हॉल्व्ह. बावीस वर्षं हे चालू होतं, आणि प्रत्यक्ष भेट झालेली फक्त दोनदा. फोन दोघांच्याही घरी होता, पण फोनवर या माणसांना बोलताच यायचं नाही. "बरंय ना? बरंय. ठेवतो मग." संपलं. रेडिओवर मात्र तासभर हटायचे नाहीत.

सेट लष्कराच्या भंगारातला, ट्रान्झिस्टरच्या आधीच्या काचेच्या व्हॉल्व्हचा, लोखंडी. खाली पॉवर सप्लायची पेटी, वर सेट, आणि दोन्ही जोडणारी जाड केबल. केबलच्या टोकाला बारा पिनांचा गोल प्लग. असा प्लग मी दुसरा कुठेच पाहिलेला नव्हता.

आता आईबद्दल सांगावं लागेल. आईचं माहेर मखमलाबादचं, फुलशेती करणारं. लग्नाआधी ती माळा बांधून बाजारात आणायची. केळीचं सोपट, म्हणजे खोडाची वाळकी साल, पाण्यात भिजवायचं, त्याचे बारीक दोरे काढायचे आणि त्यात फूल अडकवून गाठ मारायची. कोरडं सोपट तटकन तुटतं, ओलंच लागतं. ती गाठ अशी की फूल सुकून गळेल, गाठ सुटणार नाही. आप्पांच्या सेटच्या वायरी तिने तशाच बांधल्या होत्या — प्लगच्या मागे बोटभर अंतरावर, सोपटाच्या दोऱ्याने, एकेक वायर गाठीत अडकवत. कारखान्यात याला मेणाचा दोरा वापरतात. आई म्हणायची, "मेण कशाला, सोपट हाय ना."

प्लग जोडताना दोघांची जोडी असायची. आप्पा समोरून बघून नंबर सांगायचे, आई मागून वायर धरायची. एकदा आप्पा वैतागले, चार म्हटलं तर बोट कुठे ठेवतेस म्हणून. आई शांतपणे म्हणाली, "तुम्ही समोरून बघता, मी मागून. तुमचं उजवं ते माझं डावं. नंबर सांगा गप." पुढे आप्पांच्या हातांना कंप सुटला, तेव्हा सोल्डरिंगसुद्धा तीच करू लागली. चौथी शिकलेली बाई, पण तिचा जोड कधी सुटला नाही.

तो प्लग मी फोडला.

दिवाळीच्या साफसफाईत सेट पुढे घ्यायचा होता, मी केबलच धरून ओढली. केबल कधी ओढायची नाही, प्लग धरायचा, हे मी दरवर्षी नव्या बॅचला पहिल्या दिवशी सांगते. चाळीस वर्षांचं बेकलाइट होतं, मागचा भाग बिस्किटासारखा फुटला. पिनांचा समोरचा भाग तेवढा शाबूत राहिला. मी लगेच कॉलेजचा तपासायचा मीटर लावला, कागदावर गोल काढला आणि कुठल्या पिनला कुठल्या रंगाची वायर जाते ते लिहून घेतलं. मग ब्लेड घेऊन वायरी मोकळ्या केल्या. त्यात आईच्या सात गाठी कापल्या आणि केरात टाकल्या. दुसरा विचारही मनात आला नाही.

आप्पा दारात उभे होते. खाली बसले आणि सुपलीतून त्या दोऱ्याचे तुकडे एकेक वेचायला लागले. हात थरथरत असल्यामुळे एक तुकडा उचलायला त्यांना किती वेळ लागत होता... मी मदत करायला वाकले तर म्हणाले, "राहू दे. तू तुझं काम कर." तुकडे शर्टाच्या खिशात गेले. त्यानंतर ते माझ्याशी कामापुरतंच बोलत होते. मलाही राग आला. वाटलं, सहा वर्षं यांचं सगळं मी करते, आणि दोऱ्याच्या सात तुकड्यांवरून हे असं. आज लिहिताना त्या रागाची शरम वाटते.

भाऊबीज झाली आणि अण्णांचा फोन आला. घशाचा कॅन्सर निघाला होता. मुंबईला ऑपरेशन, आवाजाची पेटीच काढणार. येत्या सोमवारी दुपारी चार वाजता जीप सांगितलेली होती. त्यानंतर अण्णा परत येणार होते, पण बोलणार नव्हते. आप्पांनी सगळं ऐकलं, "बरं, ठेवतो" म्हणाले आणि फोन ठेवला. मग दोन वाजता जाऊन बंद सेटसमोर बसले, कानाला हेडफोन लावून. दुसऱ्या दिवशीही. तिसऱ्या दिवशीही. मी एकदा म्हटलं, आप्पा, फोन करा ना त्यांना. ते म्हणाले, "फोनवर काय बोलू?"

तेव्हा मी प्लग शोधायला निघाले. मेन रोड, रविवार कारंजा, सगळी रेडिओची दुकानं पालथी घातली. लोक प्लगचा तुकडा हातात घेऊन असे बघायचे, जसं काही मी उत्खननात सापडलेलं मडकं दाखवतेय. एकाने मला नवा टू-इन-वन घ्यायचा सल्ला दिला. मुंबईला फोन केले, तिथे कुणाकडे नाही. सिन्नरच्या एमआयडीसीतला एक टर्नर बनवून द्यायला तयार झाला, पण महिना मागत होता. वायरी थेट सेटमध्ये सोल्डर कराव्यात तर सॉकेट लोखंडी बॉडीच्या आत खोल बसवलेलं आणि बॉडीचे स्क्रू गंजून एकजीव झालेले. प्लगशिवाय गत्यंतर नव्हतं.

शनिवारी देवळाली कॅम्पला गेले. बाजाराच्या मागे एक चाचा होते, लष्कराचं जुनं सामान घेणारे. मोडक्या दुर्बिणी, पाण्याच्या बाटल्या, वायरींचे ढीग. त्यांनी माझा तुकडा घेतला, फुंकर मारली, आणि तेलाचा एक डबा जमिनीवर उपडा केला. त्यात होता. तसाच, बारा पिनांचा, डब्यातल्या ग्रीसने माखलेला. माझ्या डोळ्यात पाणी आलं, उगाच खोटं का बोलू.

चाचांनी तो पुसला आणि म्हणाले, "मॅडम, इसका नंबर सामने से है. पीछे नंबर नहीं है. जोडते टाइम खयाल रखना, पीछे से उल्टा आता है."

मी म्हटलं, "मला माहीत आहे. मी हेच शिकवते."

रविवारी दुपारी जोडायला बसले. सोल्डरिंगचं आयर्न कॉलेजचंच होतं, शनिवारी पर्समध्ये घालून आणलेलं, कारण आमचं घरचं केव्हाच जळालं होतं. मीटर मात्र प्रॅक्टिकलसाठी परत गेला होता. ठरलं असं की सोमवारी मी अर्धी रजा घेऊन एकच्या सुमारास निघेन, मीटर आणेन, तपासेन आणि दोन वाजता आप्पा अण्णांशी बोलतील. कागद समोर ठेवून मी सातही वायरी जोडल्या. चकचकीत, नेटके जोड. झाकण बसवून दोन स्क्रू आवळले. आप्पा मागे खुर्चीत बसून बघत होते. माझं झाल्यावर त्यांनी विचारलं, "बांधणार नाहीस?"

मी म्हटलं, "टेप मारते ना उद्या."

ते उठून गॅलरीत गेले.

सोमवारी साडेआठला निघताना मी प्लग पाहिला. हे मी शपथेवर सांगते, कारण पेपर ठेवायला मीच तो टेबलावरून उचलून सेटवर ठेवला. वायरी मोकळ्या होत्या. त्यांच्यावर काहीही बांधलेलं नव्हतं. आयर्न माझ्या पर्समध्ये होतं. आप्पांना पुन्हा बजावलं, "मी मीटर लावल्याशिवाय बटण दाबायचं नाही." त्यांनी मान हलवली. दाराला नाइट लॅच, त्याची किल्ली दोघांकडेच.

कॉलेजात एक वाजता निघणार तेवढ्यात निरोप आला की दुसरे असिस्टंट आलेले नाहीत, त्यांची बॅच अर्धा तास सांभाळा. पोरं रिलेचा अकरा पिनांचा बेस जोडत होती. एक मुलगी हातात बेस घेऊन आली आणि म्हणाली, "मॅडम, हे नंबर समोरून बघायचे की मागून?"

मी म्हटलं, "समोरून. मागून बघितलं तर सगळं उलटं..."

आणि तिथेच थांबले. कागदावरचा गोल मी फुटक्या प्लगच्या समोरच्या बाजूने काढला होता. नवा प्लग मी मागच्या बाजूने जोडला होता. कागद समोर ठेवून, दिसतं तसं.

ज्यांना यातलं कळत नाही त्यांच्यासाठी सांगते. आपल्या शर्टाचा डावा खिसा समोरच्याला उजवीकडे दिसतो, तसंच हे. चार नंबरवर लाल वायर, साडेचारशे व्होल्टची. नऊ नंबरवर काळी, अर्थिंगची. मागून मोजलं की चारच्या जागी नऊ येतो. म्हणजे मी ते साडेचारशे व्होल्ट सेटच्या लोखंडी बॉडीला जोडून ठेवले होते, आणि बॉडीला जोडलेला होता आप्पांच्या माइकचा पितळी दांडा. सेटला वेगळं अर्थिंग नव्हतं, ते याच केबलमधून यायचं, त्यामुळे फ्यूज उडायचंही कारण नव्हतं. बोलायला माइकचं बटण दाबावं लागतं, आणि कंपामुळे आप्पा तो माइक घट्ट मुठीत धरत.

ऑफिसात धावले, घरी फोन लावला. वाजत राहिला. पुन्हा लावला, पुन्हा वाजत राहिला. आप्पा जेवून झोपले असतील. किंवा हेडफोन लावून बसले असतील. एक वीस झाले होते. आजूबाजूला कुणाकडे फोन नाही. तिसऱ्यांदाही वाजतच राहिला, तेव्हा रिसीव्हर टाकून लुनाकडे धावले.

नाशिकरोडच्या पलीकडून हिरावाडी म्हणजे लुनावर अर्धा तास, रस्ता मोकळा असेल तर. रस्ता मोकळा नव्हता. उपनगरच्या नाक्यावर लष्कराच्या ट्रकांचा ताफा निघालेला, एकामागून एक, संपता संपेना. मी लुना फुटपाथवर घातली. द्वारकेला हवालदाराने शिट्टी मारली, थांबले नाही. सगळा वेळ डोक्यात एकच हिशोब चालू होता — आप्पांनी मान हलवली होती, पण "हो" म्हटलं नव्हतं. अण्णांची जीप चारला. हा माणूस दोन वाजता माझी वाट बघत बसेल का? मी त्यांच्या जागी असते तर बसले असते का? कन्नमवार पुलावर आले तेव्हा बाजूच्या रिक्षावाल्याच्या घड्याळात दोन वाजून गेले होते.

जिन्याखाली मीटरचा बोर्ड आहे. आमच्या मीटरची चकती भराभर फिरत होती. सेट चालू होता.

जिना कसा चढले आठवत नाही. किल्ली लॅचमध्ये जाईना. दार उघडलं तर व्हॉल्व्ह तापल्यावर धुळीचा येतो तो वास, आणि आप्पांची पाठ. डोकं टेबलाकडे झुकलेलं, कानाला हेडफोन, उजव्या मुठीत माइक. मी हाक मारली. हलले नाहीत. पुन्हा हाक मारली. मी दाराजवळचा मेन खाली ओढला आणि तिथेच खाली बसले.

आप्पांनी डोकं वर केलं. हेडफोन काढला. डोळे ओले होते.

"काय केलंस हे, निमा?" ते म्हणाले. "अण्णा बोलत होते. अर्ध्यात होते."

मी उठून सेटपाशी गेले, सवयीने आधी कपॅसिटरमध्ये साठून राहिलेली वीज उतरवली आणि प्लग उपसून काढला. प्लगच्या मागे बोटभर अंतरावर सात गाठी होत्या. सोपटाच्या. पांढऱ्या, नव्या. मी बोट लावलं तर बोट ओलं झालं.

दोन स्क्रू काढले. लाल वायर चारवर होती, काळी नऊवर. सातही वायरी जिथे हव्यात तिथे. आणि मी काल चुकून जोडलेल्यांपैकी ज्या पिना आता मोकळ्या होत्या, त्यांच्यावर माझ्या सोल्डरचे चकचकीत डाग तसेच होते. म्हणजे मी चुकलेच होते. कुणीतरी एकेक वायर सोडवून योग्य जागी लावली होती.

"आप्पा, याला हात कुणी लावला?"

"कुणी म्हणजे?" आप्पा म्हणाले. "तूच. मी पडलो होतो, साडेबारा झाले असतील. मोरीत पाणी वाजलं. म्हटलं, निमा आली वाटतं रजा घेऊन. उठलो तेव्हा तू परत गेलेली. मग प्लग बघितला..." ते थांबले. त्यांनी त्या गाठींवर अंगठा फिरवला. "तपासल्याशिवाय तू बांधणार नाहीस, हे मला कळतं. म्हणून तर बटण दाबलं. तुला येते ही गाठ? तिने शिकवली होती?"

मला ती गाठ येत नव्हती. आजही येत नाही. लहानपणी आईने दोनदा शिकवायचा प्रयत्न केला आणि मी दोनदा कंटाळून उठले होते.

त्यांच्या चेहऱ्याकडे बघितलं. कितीतरी दिवसांनी ते माझ्याशी नीट बोलत होते.

मी म्हटलं, "हो. शिकवली होती."

झाकण लावलं, प्लग बसवला, मेन वर केला. व्हॉल्व्ह तापायला मिनिटभर लागतं. आप्पांनी हेडफोनची वायर काढून स्पीकर चालू केला. खरखर आली, आणि त्या खरखरीतून अण्णांचा घोगरा झालेला आवाज. ते थांबून थांबून एकच म्हणत होते, कितीदा म्हणून झालं होतं कोण जाणे.

"मी आठेच शे, भाऊ. मी आठेच शे." इथेच आहे, असं त्यांच्या अहिराणीत.

आप्पांनी माइक उचलला. "अण्णा, लाइट गेली होती आमची. पोरीने प्लग बसवलाय. तिच्या आईसारखा बांधलाय बरं का."

"मंग चिंता नही," अण्णा म्हणाले.

पुढचं मी ऐकलं नाही. त्यांच्या शेवटच्या बोलण्यात मी कशाला उभी राहू. मी मोरीत गेले, तोंडावर पाणी मारायला. कठड्यावर एक पितळी वाटी होती, अर्धी पाण्याने भरलेली, आणि त्यात सोपटाची बोटभर पट्टी. ती वाटी आईची. ती गेल्यावर मीच तिच्या सामानाबरोबर माळ्यावरच्या ट्रंकेत टाकून कुलूप लावलं होतं. बाहेर आप्पा कांद्याच्या भावावर बोलत होते.

नंतर मी सगळं तपासलं, कारण माझा स्वभावच तसा. घरात सोल्डर करायला काहीही नव्हतं. आप्पांचे हात असे की चहाची बशी तोंडाशी नेताना निम्मी सांडायची, सात वायरी सोडवून पुन्हा जोडणं त्यांना शक्य नव्हतं. शेजारणीने सकाळपासून जिन्यात गहू निवडले होते, तिने कुणाला वर जाताना पाहिलं नाही. ट्रंकेचं कुलूप जागेवर, किल्ली माझ्या कपाटात. आत वाटी नव्हती. मीच रविवारी झोपेत हे केलं असेल का, असाही विचार केला, पण सकाळी पाहिलेल्या मोकळ्या वायरींचं काय आणि दीड-दोन तासांत वाळणाऱ्या ओल्या सोपटाचं काय. आमच्या घरात सहा वर्षांत केळीचं सोपट आलेलं नव्हतं.

अण्णांचं ऑपरेशन झालं. ते पुढे तीन वर्षं जगले. आवाज नव्हता, पण दोन वाजता सेटवर यायचे आणि मोर्सच्या कीने टकटक करून बोलायचे. आप्पा तोंडाने उत्तर द्यायचे. कांदा, गुडघे, हवा. तो प्लग एकदाही सैल झाला नाही.

आप्पा २००३ मध्ये गेले. मखमलाबादची मावशी हार घेऊन आली, आईची धाकटी बहीण. सेट तसाच टेबलावर होता. मावशी त्याच्यापाशी गेली, केबल हातात धरली आणि बराच वेळ बघत राहिली.

"ही गाठ कुणी मारली गं?"

"का?"

"डाव्या हाताची हाय," मावशी म्हणाली. "आमच्यात ताई एकटीच डावखुरी व्हती. आम्ही उजवीकडून घेतो, ती डावीकडून. माय लय बोलायची तिला त्यावरून. अशी गाठ दुसऱ्या कुणाला जमायची नाय." मग माझ्याकडे वळून तिने विचारलं, "तू तर उजवी ना?"

मी मान हलवली. तिने केबल हळूच खाली ठेवली.

आणि एक राहिलं, जे मी मावशीलाही सांगितलेलं नाही. आप्पा गेले त्याच्या आधीच्या आठवड्यात अंथरुणाला खिळलेले होते. एका दुपारी दोनच्या सुमाराला ते म्हणाले, "निमा, ती गाठ कशी मारतेस, एकदा दाखव की."

मी म्हटलं, "सोपट नाही आप्पा घरात."

"बरं," ते म्हणाले. "आणि असतं तरी आधी भिजवावं लागतं. तुला ठाऊकच आहे." मग डोळे मिटले आणि थोडे हसले. त्यांना माझं खोटं पहिल्या दिवसापासून ठाऊक होतं की नाही, हे मी त्यांना विचारू शकले नाही. धीर झाला नाही, आणि मग वेळ उरला नाही.

सेट एका तरुण हॅमला देऊन टाकला. नवा पॉवर सप्लाय त्याने स्वतः बनवून घेतला, त्यामुळे केबल माझ्याकडेच राहिली. मी इलेक्ट्रिकलची बाई आहे, मला कारण लागतं, आणि या गोष्टीला माझ्याकडे कारण नाही. कुणाकडे असलं तर जरूर कळवा, मी भांडणार नाही. केबल माझ्या कपाटात साड्यांखाली आहे. सोपट वाळून तपकिरी झालंय, पण सातही गाठी जागच्या जागी आहेत. एखादी गाठ सोडवून ती कशी मारलीय ते बघावं, असं कितीदा मनात येतं. पण त्या सुटणाऱ्या नाहीत, कापाव्याच लागतील, आणि ब्लेड मी पुन्हा हातात घेतलेलं नाही.